सही कोणाची?

डॉक्टर सगळं रुक्मिणीशीच बोलत होते. दिवस गेले होते अक्षदाला, तपासणीही तिचीच झाली होती, पण डॉक्टरांची मान काही तिच्याकडे वळत नव्हती.

"हे बघा रुक्मिणीबाई, तुमच्या घरातली दोन बाळंतपणं मी केलीत. दोन्ही सिझर. तुमच्यापासून मी काही लपवणार नाही. सून तिसरं नको म्हणते. नववा आठवडा आहे, करता येईल. पण नवऱ्याची सही लागेल."

रुक्मिणी मालवणच्या बाजारातून तशीच उठून आली होती. सुरमईची टोपली शेजारणीच्या हवाली करून. 'डॉक्टरांनी घरचा कोणतरी घेऊन येवक सांगलाहा,' एवढंच सून सकाळी म्हणाली होती. रुक्मिणीला वाटलं, अंगात रक्त कमी असेल, नाहीतर मागच्या टाक्यांचं काहीतरी. आपल्या घरात पुन्हा पाळणा हलणार होता हे तिला परक्या माणसाच्या तोंडून कळलं, आणि तो हलू द्यायचा नाही असं सुनेनं ठरवलंय हेही त्याच दमात. तिनं मासळीचे हात पदराखाली घेतले. राग मात्र कुठे झाकता येईना.

"ते बोटीवर आहेत," अक्षदा म्हणाली. "ऑगस्टशिवाय उतरत नाहीत."

"मग सासऱ्यांना घेऊन या. घरातल्या कुठल्यातरी पुरुषाची सही हवी मला. उद्या तुमचा नवरा येऊन माझ्या दारात उभा राहिला तर?" डॉक्टर रुक्मिणीकडे बघून हसले. "आणि दोन मुलींवर तिसरा मुलगाही असतो हो. घरात विचार करा. एवढी घाई कसली?"

"डॉक्टर, टाके पातळ झालेत असं मागच्या वेळी तुम्हीच म्हणाला होतात. मला भीती वाटते. निदान सोनोग्राफी तरी..."

"सोनोग्राफीवाले बुधवारी येतात. आधी सही, मग पुढचं."

पायऱ्या उतरून रस्त्यावर येईपर्यंत रुक्मिणीनं कसंबसं तोंड आवरलं.

"माका सांगूक तुझी जीभ झडली होती?"

"सांगला असता तर तुमी काय केला असतास, आई?"

 काय केलं असतं ते दोघींनाही ठाऊक होतं. रुक्मिणी देवीला नवस बोलली असती आणि सुनेच्या ताटात दुप्पट भात वाढला असता.

सुनेला तिथेच सोडून ती बाजारात परतली. उरलेली मासळी मिळेल त्या भावाला दिली आणि रिक्षा करून तारकर्लीला आली. सगळी वाट ती मनात धुमसत होती. घरी आल्या आल्या तिनं नवऱ्याला सांगून टाकलं. सांगताना तिला वाटत होतं, आपण सुनेची खोड मोडतोय. तुकारामनं लगेच देवबागला फोन लावून थोरल्या बहिणीला, गंगूला, बोलावून घेतलं. मोंडकरांच्या घरात गंगूशिवाय काही ठरत नसे. लग्नानंतर पन्नास वर्षांनीही तिचा माहेरचा हक्क सैल झालेला नव्हता.

दुपारी सगळे पडवीत बसले. तुकाराम बाकावर, गंगू खांबाला टेकून, धाकटा मुलगा सिद्धेश पायरीवर. सिद्धेश पर्यटकांना होडीतून डॉल्फिन दाखवायला नेई. आज ऐन फेब्रुवारीतली गिऱ्हाइकं सोडून बापानं त्याला बसवून ठेवलं होतं. दोघी नाती माडाच्या सावलीत वाळूत खेळत होत्या. अक्षदा दाराच्या चौकटीत उभी होती. तिला कोणी बस म्हटलं नाही आणि तीही आपणहून बसली नाही.

"घराक झील नाय झालो तर पुढे रापण कोण ओढतलो?" गंगूनं सुरुवात केली.

"आत्ये, रापण आता कोण ओढता?" सिद्धेश म्हणाला. "आमची रापणीची जाळी सात वर्सां माळ्यार कुजतत. नि वयनीक काय होता ता आधी इचारा."

"तू गप. तुझा लगीन होवक दी, मगे बोल." तुकारामनं घसा साफ केला. "माझा म्हणणा एकच. सोमवारी देवळात कौल घेवया. देव सांगात तसा."

"माझ्या पोटाचो कौल?" अक्षदा म्हणाली.

आवाज मोठा नव्हता, पण तुकारामची नजर खाली गेली. तेवढ्यात फोन वाजला. रविराजची बोट कुठल्याशा बंदराला लागली होती, बापानं मघाशीच त्याला निरोप धाडला होता. सिद्धेशनं फोन स्टुलावर तांब्याला टेकवून उभा केला. पडद्यावर थोरल्या मुलाचा चेहरा आला, उन्हानं रापलेला, दाढी वाढलेला. रुक्मिणीला एक क्षण फक्त तो बारीक झालेला दिसला.

"मी सही करूचंय नाय," रविराज म्हणाला. "पयली गोष्ट, माका न इचारता ती डॉक्टरकडे गेलीच कशी?"

"तुमका तीन येळा सांगलंय," अक्षदा म्हणाली. "तीनय येळा तुमी म्हणालास, बघूया. तुमी थंय बघतास, हंय माझे दिवस जातत. मागच्या खेपेक पाच बाटल्यो रगत चढवल्यानी माका. तीन दिवस माका माझा चेडू दिसला नाय. तुमी तेवाय बोटीरच होतास."

"इतक्या भय होता तर तेवाच ऑपरेशन कित्याक करून घेतलंस नाय? पोट उघडाच होता. आता अर्ध्या वाटेर माका सांगतंस?"

"माका कोणी इचारूक नाय."

"खोटा बोलतंस. डॉक्टर इचारतत."

"माका नाय इचारल्यानी!" अक्षदा ओरडली. वाळूत खेळणाऱ्या मुली थबकल्या. "मी टेबलार पडलेली होतंय. माका शुद्ध तरी होती काय? माका इचारला असता तर मी तेवाच होय म्हटला असता!"

"बघ आई, कशी बोलता ती," रविराज म्हणाला.

 तीन वर्षांपूर्वीची ती दुपार रुक्मिणीला लख्ख आठवत होती. डॉक्टर तोंडावरची पट्टी हनुवटीखाली ओढून बाहेर आले होते. मुलगी झाली, म्हणाले. मग म्हणाले, "टाके पातळ आहेत. परत दिवस जाणं काही बरं नाही. आतच आहे तर पिशवीच्या नळ्या बांधून टाकू का?" रुक्मिणीच्या कानात तेव्हा 'मुलगी' हा एकच शब्द घुमत होता. नको, म्हणाली होती ती. पाणी हवं का असं कोणी विचारल्यावर म्हणावं तसं, नको. डॉक्टर मान हलवून आत गेले. पुढे अक्षदाला ताप आला, अंगावरचं दूध गेलं, आणि तो शब्द रुक्मिणीनं कोणालाही सांगितला नाही. सांगण्यासारखं त्यात काही आहे असंच तिला वाटलं नव्हतं. निदान स्वतःला तिनं तसं पटवलं होतं.

"ती खोटा बोलूक नाय," रुक्मिणी म्हणाली.

सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं.

"डॉक्टर भायर इल्ले. माका इचारल्यानी. मी नको म्हटलंय."

अक्षदाचा हात चौकटीवरून खाली आला. "तुमी?" एवढंच ती म्हणाली. पुढे काहीतरी येईल, शिव्या येतील, रडणं येईल म्हणून रुक्मिणी थांबली.  

"बरा केलंस गो," गंगू म्हणाली. "शहाणी बायल तू. घर राखलंस."

त्या शाबासकीनं रुक्मिणीच्या अंगाला चिखल फासल्यागत झालं. सकाळपासूनचा तिचा राग सुनेवर होता. तो आता जागा सोडून निघाला. आधी डॉक्टरवर गेला, मग पडद्यावरच्या मुलावर, मग समोरच्या दोघा भावंडांवर, आणि शेवटी फिरून तिच्याच छातीत येऊन बसला.

"काय राखलंय मी?" ती उठून उभी राहिली. "काय राखलंय, सांगा गो माका! ह्या पोरीक मरणाच्या दारात उभी केलंय, ता राखलंय?"

"असा ह्या घरात आजवर झाला नाय," तुकाराम म्हणाला. "सही होवची नाय. माझी नाय नि झिलाचीय नाय."

"काय झाला नाय ह्या घरात? तुमची धाकटी भयण, शेवंती, खंयच्या घरातली होती? तिसऱ्या बाळंतपणाक माहेरी आणलास. सुईण म्हणाली, मालवणाक न्हेवा. तुमचो बापूस म्हणालो, तिच्या घोवाक इचारल्याशिवाय कसा न्हेवचा? माणूस धाडलास सर्जेकोटाक. तो परत येवच्या आधी शेवंती गेली. ह्याच माजघरात. मी नवी नवरी होतंय, तिचे पाय मी धरून बसलंलंय. तेवाय कोणाचातरी होय येवचा होता!"

चाळीस वर्षांत शेवंतीचं नाव त्या पडवीत कोणी घेतलं नव्हतं. गंगूनं पदराचा बोळा तोंडाला लावला. तुकारामनं बहिणीकडे पाहिलं, तिनं आता काहीतरी बोलावं म्हणून. पण गंगू खांबाला धरून उठली, चपला पायात सरकवल्या आणि अंगणाच्या बेड्यातून बाहेर पडली. कोणाचा निरोप घेतला नाही. तुकाराम बाकावर एकटाच उरला.

"आई, माझा ऐक..." फोनमधून रविराज म्हणत होता.

"तुझा आयकूनच हंयपर्यंत इलंव," रुक्मिणी म्हणाली आणि तिनं फोन पालथा घातला. "सिद्धेश, उद्या उजाडताच गाडी काढ. ओरोसाक सरकारी दवाखान्यात जावचा आसा. थंय सही मागल्यानी तर मी अंगठो देतंय. कोणाचो म्हणून देवचो ता मगे बघूया."

अक्षदा तोवर आत निघून गेली होती. तिनं दार लावून घेतलं, आणि रुक्मिणीला ते वाजवायचा धीर झाला नाही.

ओरोसची डॉक्टरीण तिशीची असेल नसेल. दारावरच्या पाटीवर डॉ. विनीता एवढंच वाचता आलं. बोलण्यावरून लातूरकडची वाटत होती. तिनं दोघींना आत बोलावलं आणि पहिलंच वाक्य रुक्मिणीला म्हणाली, "मावशी, तुम्ही बाहेर बसा. मला हिच्याशी बोलायचंय."

रुक्मिणी बाहेर बाकड्यावर बसली. इतक्या वर्षांत कोणी तिला असं बाहेर काढलं नव्हतं. तिला ते लागलं, आणि लागलं याची लाजही वाटली.

अर्ध्या तासानं अक्षदाला सोनोग्राफीला नेलं. परत आली तेव्हा तिच्या पाठोपाठ डॉक्टरीणच बाहेर आली. "मावशी, तुम्हाला सांगू का असं मी हिला विचारलं. सांगा म्हणाली. म्हणून सांगते. गर्भ पिशवीत नेहमीच्या जागी नाही. जुन्या सिझरच्या वणात रुजलाय. वण पातळ आहे. अजून दोनतीन आठवडे गेले असते तर पिशवी फाटली असती. घरी फाटली असती तर मालवणपर्यंतसुद्धा पोचवता आली नसती. इथं मी हात लावत नाही, रक्त सुटलं तर मला आवरणार नाही. गोव्याला बोलणं केलंय. गाडी येतेय."

"आणि सही?" रुक्मिणीनं विचारलं. "तिचा घोव बोटीवर आहे."

"त्याची सही कशाला?"

"डॉक्टर म्हणाले लागते. नाहीतर सासऱ्याची."

"ती सज्ञान आहे, मावशी. सही तिची. फक्त तिची. नवऱ्याची नाही, सासऱ्याची नाही, तुमची नाही. कायदाच तसा आहे, आणि तो काही काल झालेला नाही. कोण डॉक्टर असं म्हणाले?"

 जो कागद लागतच नव्हता त्या कागदासाठी काल आपल्या पडवीत पंचायत बसली. देवाच्या कौलाची गोष्ट निघाली. मुलगा समुद्रापलीकडून ओरडला. आणि तेवढा वेळ ही पोर पोटात फुटायला आलेलं मरण घेऊन चौकटीत उभी होती.

रुक्मिणीनं पिशवीतून फोन काढला आणि मालवणच्या दवाखान्यात लावला. कंपाउंडर म्हणाला, डॉक्टर बिझी आहेत. "तेका सांग, रुक्मिणी मोंडकर आसा. नाय इलो फोनार तर दारात येऊन बसान."

डॉक्टर आले. रुक्मिणी बोलायला लागली आणि रांगेतल्या बायका वळून बघू लागल्या.

"सही बायलेची लागते म्हणतात हो डॉक्टर! तुम्हाला माहीत नव्हतं? माहीत होतं? मग माझ्या सुनेला परत कशाला पाठवलं? सोनोग्राफी बुधवारी? सही झाल्यावर? बुधवारपर्यंत हिला काय झालं असतं तर तुम्ही येणार होतात खांदा द्यायला?"

"रुक्मिणीबाई, मी तुमच्या घराच्या काळजीपोटीच..."

"शिरा पडो तुझ्या काळजीर!" डॉक्टरांशी बोलायची मराठी सुटून ती आपल्या बोलीवर आली. "घराची काळजी तुका कोणी सांगलेली? पोट तिचा होता! तीन वर्सांआधी तू भायर येऊन माका इचारलंस, नि मी गाढवीण उत्तर देवन बसलंय! तुझ्याकडे येणाऱ्या हरेक बायलेक आता मी बाजारात बसान सांगतलंय, सही कोणाची लागता ती!"

तिनं फोन पिशवीत टाकला. शेजारी बसलेल्या एका पोक्त बाईनं तिच्यापुढे पाण्याची बाटली धरली. रुक्मिणीनं ती घेतली.

गोव्यात सहा दिवस गेले. ऑपरेशन दोन तास चाललं. रक्त लागलं, एक बाटली सिद्धेशनं दिली. नळ्या बांधायच्या का, हे तिथल्या डॉक्टरांनी अक्षदाला आधीच विचारलं होतं. तिनं होय म्हणून सही केली. हे रुक्मिणीला दुसऱ्या दिवशी नर्सकडून कळलं.  तुकारामचे रोज फोन येत. तो जेवणाचं विचारी, मुलींचं सांगी. कौलाचा विषय त्यानं पुन्हा काढला नाही. गंगूचा फोन एकदाच आला. "जगली मां?" एवढं विचारून तिनं तो ठेवला.

पाचव्या दिवशी रुक्मिणी पेज भरवायला बसली, तर अक्षदानं तिच्या हातातला चमचा काढून घेतला.

"मी खातंय माझी."

चार घास खाऊन झाल्यावर ती म्हणाली, "तुमी गाडी काढलास. रात न् दिस हंय बसलास. ता माका दिसता, आई. पण तीन वर्सां तुमी माझ्यावांगडा एका टोपातली पेज खाल्लास. माका सांगलास नाय. दर महिन्याक मी दिवस मोजी होतंय, भियान. तुमी बघी होतास. ता मी इसरूचंय नाय."

"इसरू नको," रुक्मिणी म्हणाली.

तिला आणखी बोलायचं होतं. मला माफ कर, असं काहीतरी. पण तो शब्द तोंडात येताच इतका हलका वाटला की तिनं तो गिळला आणि पातेलं विसळायला उठली.

सातव्या दिवशी सोडलं. सिद्धेश गाडी चालवत होता, मागे उशांना टेकून अक्षदा, पुढे रुक्मिणी. सावंतवाडी गेली, कुडाळ गेलं, ओरोस गेलं. कसालच्या तिठ्यावर डावीकडे मालवणचा रस्ता फुटतो. सिद्धेशनं गाडी हळू केली आणि आरशात पाहिलं.

"वयनी, खंय जावया?"

"नांदगावाक," अक्षदा म्हणाली. "माझ्या आवशीकडे."

माहेराचं नाव ऐकून सिद्धेशचा पाय ब्रेकवर गेला. मागून एका ट्रकनं हॉर्न दिला. सिद्धेशनं गाडी कडेला घेतली. किती दिवसांसाठी, असा प्रश्न रुक्मिणीच्या ओठावर आला होता. तिनं दार उघडलं आणि पिशवी घेऊन खाली उतरली.

"आई, तुमी खंय?" पहिल्यांदाच अक्षदानं तिला काही विचारलं होतं त्या दिवसांत.

"तुझी चेडवां थंय नि तू हंय, तुका झोप येतली काय?"

"उद्या परवा पाठवलास तरी चलात. बाबा पाठवणार नायत. आत्याय येतली. लोक काय म्हणतले म्हणतले."

"म्हणांदेत." रुक्मिणीनं खिडकीतून हात आत घालून तिच्या अंगावरची चादर सारखी केली. अक्षदानं हात झिडकारला नाही, धरलाही नाही. "आज सांजेक घेऊन येतंय. तेंका सोडतंय नि परत जातंय. राहूक येवचंय नाय."

गाडी सरळ नांदगावच्या दिशेनं निघून गेली. रुक्मिणी तिठ्यावर उन्हात उभी राहिली. फोन वाजला. पडद्यावर रविराज.

"आई, नळ्यो बांधूक होय म्हटल्यान तिना! माका कोणी साधा कळवल्यान पण नाय. माझ्या घरात माका काय किंमत आसा काय नाय?"

"तुझी बायल वाचली," रुक्मिणी म्हणाली. "ती कशी आसा ता इचारलंस?"

पलीकडे नुसती खरखर. ती थांबली. चांगली दहा आकडे मोजण्याइतकी थांबली. मुलगा आहे, विचारील, आत्ता विचारील.

"पण आई, पयला माका सांग..."

तिनं फोन बंद करून पिशवीत टाकला. मालवणची एसटी येत होती. हात करून तिनं ती थांबवली, गुडघ्यावर हात रेटून पायरी चढली आणि कंडक्टरनं कुठं म्हणून विचारायच्या आतच म्हणाली, "मालवण एक. आणि भाऊ, तिथून कणकवलीमार्गे नांदगावला जायला संध्याकाळची गाडी किती वाजता आहे? दोन नाती असतील बरोबर."